हवाई दलाचे तास, कॅराव्हॅनचे तास

मालवाहू विमानाचा वैमानिक हा रात्रपाळीचा माणूस. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या आकाशात रात्री साडेदहानंतर विमानांच्या दिव्यांची रांग लागते. उतरलेल्या विमानांतली पार्सलं पट्ट्यांवर चढतात, गावोगावची वेगळी होतात आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला तीच विमानं पुन्हा भरून निघतात. लुईव्हिललाही हाच क्रम. कुणाच्या तरी दारात सकाळी खोकं पोचायला हवं, म्हणून दुसरं कुणीतरी, शरीर झोप मागत असताना, दीडशे टनांचं विमान धुक्यात उतरवत असतं. मागे प्रवासी नाहीत, त्यामुळे उतरताना धक्का बसला तरी तक्रार करायला कुणी नाही आणि अलगद उतरवलं तरी कौतुक करायला कुणी नाही. कॉकपिटमध्ये दोघं आणि पाठीमागे खोकी.

या कामाला माणूस निवडायचा तर कसा निवडायचा? अमेरिकेतल्या एका मालवाहू कंपनीत मी कॅप्टन आहे आणि भरती निघाली की मुलाखतीच्या पॅनेलवर बसते. पॅनेलवर आम्ही तिघं असतो: मनुष्यबळ विभागाची एक बाई, माझा एक सहकारी आणि मी. सहकारी अमेरिकन हवाई दलातून आलेला, सी-५ हे मालवाहू विमान उडवायचा. मी साताऱ्याची. विद्यार्थी व्हिसावर ॲरिझोनात उडायला शिकले, तिथेच इतरांना शिकवलं, पुढे ग्रीन कार्ड झाल्यावर डकोटाच्या थंडीत एका फीडर कंपनीचं कॅराव्हॅन हे छोटं विमान चालवलं. अर्ज समोर आले की आम्हा दोघांचं जमत नाही. त्याला गणवेशातला माणूस भरवशाचा वाटतो, मला एकट्याने बर्फात उडालेला. त्या बाईला विमान उडवता येत नाही, म्हणून सगळ्यात चांगले प्रश्न ती विचारते.

लष्करी वैमानिकाला मालवाहू कंपन्यांत मान आहे, त्याला इतिहास आहे आणि तो इतिहास आपल्या आसामपर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धात चीनच्या बाजूने लढलेल्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांना 'फ्लाइंग टायगर्स' म्हणत. त्यांतला रॉबर्ट प्रेस्कॉट ही तुकडी विसर्जित झाल्यावर आसाम ते चीन असा हिमालयावरून माल नेणारी विमानं उडवू लागला. वैमानिक त्या वाटेला 'हंप' म्हणत. युद्ध संपत आलं असताना, १९४५ मध्ये, त्याने जुने साथीदार जमवून मालवाहू कंपनी काढली. तीच पुढे फ्लाइंग टायगर लाइन झाली. १९८९ मध्ये ती फेडेक्समध्ये विलीन झाली. फेडेक्सचा संस्थापक फ्रेड स्मिथ स्वतः मरीन कोअरमधून व्हिएतनाममध्ये लढून आलेला. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री त्याच्या १४ छोट्या फाल्कन विमानांनी मेम्फिसहून २५ शहरांसाठी १८६ पार्सलं नेली. सुरुवातीच्या वैमानिकांत व्हिएतनामहून परतलेले बरेच होते.

पण या धंद्याची दुसरीही वंशावळ आहे आणि ती गणवेशातली नाही. कॉनी कॅलिटा हा मोटारींच्या ड्रॅग शर्यतींतला माणूस. १९६७ मध्ये मिशिगनमध्ये त्याने एका दोन इंजिनांच्या सेसना ३१० मधून मोटार कारखान्यांचे सुटे भाग पोचवायला सुरुवात केली. कारखान्याची ओळ थांबली की रात्री दोनला फोन यायचा आणि कुणीतरी उठून उडायचं. आज कॅलिटा एअर ७४७ उडवते. अशा कामावर वाढलेल्या वैमानिकांना इथे 'फ्रेट डॉग' म्हणतात आणि ते हे नाव अभिमानाने लावून घेतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं आणि ५० माणसं गेली. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसायलाही सर्वोच्च परवाना आणि साधारण १,५०० तास लागू लागले. मालवाहू असो की प्रवासी, मोठ्या कंपन्यांना नियम एकच. सूट आहे ती अशी: लष्करी वैमानिकाला ७५० तास पुरतात, विमानोड्डाणाची चार वर्षांची मान्यताप्राप्त पदवी असेल तर १,०००, दोन वर्षांची असेल तर १,२५०. म्हणजे लष्कराचा एक तास नागरी दोन तासांच्या बरोबरीचा, असं कायद्यानेच मान्य केल्यासारखं झालं. गंमत अशी, की कोलगनच्या त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० पेक्षा पुष्कळ जास्त होते.

कायद्याची अट ओलांडली म्हणजे फक्त अर्ज उघडला जातो. खरी मोजदाद पुढे आणि तिथे पहिली अडचण मापाची. हवाई दलात लढाऊ विमान उडवलेला एक अर्जदार समोर बसला होता. त्याचा एकूण आकडा पाहून आमची बाई म्हणाली, "पंखांचा बिल्ला मिळून दहा वर्षं झाली आणि तास एवढेच?" शेजारच्या फाइलमध्ये एका रीजनल एअरलाइनच्या कॅप्टनचे सहा हजारांवर तास होते. माझा सहकारी खुर्चीत पुढे सरकला आणि त्याने तिला हिशेब समजावला.

नागरी नियमात विमान उड्डाणासाठी स्वतःच्या ताकदीवर हललं की घड्याळ सुरू होतं आणि परत येऊन थांबलं की बंद होतं. नेवार्कला वीस विमानांच्या मागे टॅक्सीवेवर चाळीस मिनिटं ताटकळलात, तरी ती चाळीस मिनिटं लॉगबुकात जमा. हवाई दलाचं घड्याळ धावपट्टीवर दौड सुरू झाल्यावर चालू होतं. त्याआधीची टॅक्सी, शस्त्रांची तपासणी, साथीच्या विमानाची वाट पाहणं, यांतलं काही धरत नाहीत. म्हणून बऱ्याच कंपन्या लष्करी वैमानिकाला दर सॉर्टीमागे, म्हणजे दर उड्डाणफेरीमागे, ०.२ किंवा ०.३ तास वाढवून देतात, काही अजिबात देत नाहीत. समजा, एखाद्याच्या १,२०० सॉर्टी आहेत आणि सरासरी सॉर्टी १.४ तासांची, तर मूळ बेरीज १,६८०. दर सॉर्टीला ०.३ धरले की त्यात ३६० ची भर पडते आणि आकडा २,०४० होतो. सी-१७ वर नऊ-नऊ तासांची समुद्रापारची उड्डाणं केलेल्याला मात्र ही वाढ चवीपुरत्या मिठाएवढी.

मग कमांडचे तास. नागरी नियमावलीनुसार, ज्या विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवण्याची पात्रता, तुमच्याकडे आहे ते तुम्ही एकट्याने हाताळत असाल, तर तेवढा वेळ कमांडचा म्हणून लिहिता येतो, मग शेजारी कॅप्टन बसलेला का असेना. एअरलाइनच्या अर्जात ते चालत नाही. त्या उड्डाणाची जबाबदारी कागदोपत्री कुणाच्या नावावर होती, एवढंच तिथे विचारतात. लष्करात विमानाचा कमांडर ठरलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न सोपा वाटतो. पण तिथेही वेगळा घोळ आहे. लांबच्या उड्डाणाला जादा वैमानिक असतात. हवाई दलाच्या नोंदीत प्रत्यक्ष चालवलेले तास वेगळे, दुसऱ्या खुर्चीतले वेगळे आणि मागे विश्रांती घेत काढलेले वेगळे. ही तिसरी रास एकूण आकड्यात आली असेल, तर ती आम्ही बाजूला काढतो. हेलिकॉप्टरवाल्यांचं दुखणं आणखी मोठं. सैन्यदलात हजारो तास हेलिकॉप्टर उडवलेला माणूस येतो आणि त्याला कळतं, की कंपनीला हवे आहेत स्थिर पंखांच्या विमानाचे, तेही टर्बाइन इंजिनाचे तास.

इतकं सगळं करून दोन्ही आकडे एका मापात बसवले, तरी निवड होत नाही. कारण आकड्यावरून फार तर हा माणूस किती वेळ हवेत होता एवढं कळतं. तो हवेत असताना त्याच्याकडे कोण बघत होतं, हे कळायला वेगळे कागद लागतात.

लष्करी वैमानिकाकडे सतत कुणीतरी बघत असतं. टी-६ या प्रशिक्षण विमानावरच्या पहिल्या धड्यापासून प्रत्येक उड्डाणाला श्रेणी मिळते आणि वर्गात क्रमांक लागतो. त्या क्रमांकावरून पुढे लढाऊ विमान मिळणार की वाहतुकीचं, हे बरंचसं ठरतं. न जमणारा वेळीच बाहेर पडतो. उड्डाणानंतरची चर्चा, ज्याला ते डीब्रीफ म्हणतात, कधी कधी उड्डाणापेक्षा लांबते. माझा सहकारी सांगतो, की तिथे हुद्दा दाराबाहेर ठेवायचा असतो. लेफ्टनंटने कर्नलची चूक फळ्यावर लिहिली तरी कर्नलने ऐकून घ्यायचं. मुलाखतीला येताना हे लोक एक जाड फोल्डर घेऊन येतात. त्यात फॉर्म ८ चे कागद एकाखाली एक लावलेले, दर तपासणी-उड्डाणाचा एक. क्यू-१ म्हणजे पात्र. क्यू-२ म्हणजे पात्र, पण अमुक गोष्ट पुन्हा शिकवा. क्यू-३ म्हणजे नापास. आम्ही ते कागद शांतपणे उलटतो आणि क्यू-३ दिसला की थांबतो.

कंपनीच्या दृष्टीने याची किंमत रोकडी आहे. नव्या वैमानिकाला ७६७ किंवा तत्सम विमानाचं रेटिंग द्यायचं तर काही आठवडे वर्ग, सिम्युलेटर, हॉटेल, पगार असा सगळा खर्च कंपनीचा. मध्येच तो गळाला तर सगळं पाण्यात. लष्कराने करदात्यांच्या पैशाने ही चाळणी आधीच लावलेली असते. म्हणून माझ्या सहकाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे: "सरकारने पारखलेला माणूस आपण का नाकारायचा?"

आता दुसरी बाजू. कॅराव्हॅन म्हणजे सेसना २०८: एक इंजिन, ६७५ अश्वशक्ती, पोटाखाली सामानाची लांबट पेटी, आणि वैमानिक एकटा. मोठी विमानं मोठ्या शहरात माल उतरवतात. तिथून आडगावांना तो या विमानांतून जातो. उपकरणांच्या भरवशावर ढगांतून हे विमान एकट्याने न्यायचं तर किमान १,२०० तास असावे लागतात. माझा दिवस पहाटे साडेचारला गोदामाच्या दारात सुरू व्हायचा. ट्रकमधली खोकी जाळीमागे रचली जात असताना वजनाचा कागद मी स्वतः भरायचे, कारण भरून देणारा दुसरा कुणी नसायचा. मग शिडी लावून पंखावर टॉर्च मारायचा आणि हातमोजा काढून पंखाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवायचं. डोळ्यांना ओली वाटणारी कड बोटाला खरखरीत लागली, तर तो बर्फ. कॅराव्हॅनला बर्फ अजिबात सोसत नाही. बर्फामुळे इतके अपघात झाले, की २००६ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने आदेश काढून मध्यम किंवा त्याहून जास्त बर्फात हे विमान नेण्याला बंदी घातली.

पण 'मध्यम' बर्फ म्हणजे नेमका किती, ते पहाटे पाच वाजता धावपट्टीच्या टोकाला ठरवायचं कुणी? मीच. वर गेल्यावर काचेच्या कोपऱ्यात पांढरी रेघ दिसू लागते, पंखांवरचे रबरी पट्टे फुगवून बर्फ फोडायचा, वेगाच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा १२० नॉटच्या दिशेने घसरायला लागला, की माल घेऊन परत. परतल्यावर ट्रकवाला घड्याळाकडे बघतो, फोनवरचा माणूस "बरं" म्हणतो आणि ते "बरं" बरं नाही हे तुम्हाला कळतं. यातल्या एकाही निर्णयाला कुणी श्रेणी दिली नाही. डीब्रीफ घरी जाताना गाडीत, स्वतःशीच. चुकीच्या दिवशी उडून सुखरूप पोचलं असतं, तरी कागदावर तो दिवस इतर दिवसांसारखाच दिसला असता.

माझं म्हणणं असतं, की रात्रीच्या मालवाहू विमानाला हाच गुण लागतो. तिथेही पहाटे तीनला कुणी बघत नसतं. आणि त्याच कारणासाठी सहकाऱ्याचं म्हणणं असतं, की कुणी बघत नसतानाही शिस्त टिकावी, म्हणून आधी दहा वर्षं कुणीतरी बघावं लागतं. हा वाद आमच्यात मिटलेला नाही. मिटू नये असंच मला वाटतं, कारण एकाच बाजूचे दोघे पॅनेलवर बसले तर निवड एकाच साच्याची होईल.

कागद खोटं बोलू शकतात, हे दोन्ही बाजूंना लागू आहे. कोलगनच्या कॅप्टनने आधीच्या काही चाचण्यांतलं अपयश अर्जात सांगितलं नव्हतं. त्यानंतरच्याच २०१० च्या कायद्याने वैमानिकांच्या नोंदींचा एक राष्ट्रीय संग्रह करायला सांगितलं होतं, तो रेंगाळला. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी ॲटलास एअरचं ७६७ मालवाहू विमान ह्यूस्टनला येताना ट्रिनिटी बेमध्ये कोसळलं. आतले तिघेही गेले. चौकशीत दिसलं, की फर्स्ट ऑफिसर आधीच्या कंपन्यांत प्रशिक्षणात वारंवार कमी पडला होता आणि त्यातलं बरंच त्याने नव्या कंपनीला कळवलंच नव्हतं. नोंदींचा संग्रह वेळेत न झाल्याबद्दल चौकशी मंडळाने विमान प्रशासनालाही बोल लावला. अंतिम नियम आला २०२१ मध्ये. आता नागरी वैमानिक कुठल्या कंपनीत कुठल्या तपासणीत अडखळला, ते एका जागी पाहता येतं. सैन्यदलांना मात्र या संग्रहात नोंदी भरण्याचं बंधन नाही. म्हणजे ज्याच्याकडे सतत कुणीतरी बघत होतं, त्याच्या नोंदी आम्हाला त्याच्याच फोल्डरमधून पाहाव्या लागतात.

याच मुद्द्यावर १९९४ चं एक प्रकरण इथल्या मालवाहू वैमानिकांना आजही आठवतं. ७ एप्रिलला फेडेक्सचं ७०५ क्रमांकाचं डीसी-१० मेम्फिसहून सॅन होजेला निघालं. कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनिअर, ऑबर्न कॅलोवे, फुकट प्रवास करत मागे बसला होता. उड्डाणाचे तास खोटे सांगितल्याच्या आरोपावरून त्याची चौकशी होणार होती आणि नोकरी जाण्याची भीती होती. त्याने गिटारच्या पेटीतून हातोडे आणि मासेमारीची भाला-बंदूक आणली होती. त्याने कॉकपिटमधल्या तिघांचीही डोकी फोडली. फर्स्ट ऑफिसर जिम टकर याने, कवटी फुटलेली असतानाही, त्या अजस्र विमानाला लढाऊ विमानासारखे हेलकावे दिले, हल्लेखोराला पाय रोवू दिले नाहीत, आणि कॅप्टन डेव्हिड सँडर्सने विमान मेम्फिसला परत उतरवलं. सगळे वाचले. टकर नौदलात लढाऊ विमानं उडवायला शिकवायचा. कॅलोवेही नौदलाचाच माजी वैमानिक. गणवेश एकच होता. म्हणून गणवेशावरून माणूस ओळखता येतो असं मला कुणी सांगितलं की मी या विमानाचं नाव घेते.

मुलाखतीत आम्ही उड्डाणाचं ज्ञान फारसं विचारत नाही. "वरिष्ठाचा निर्णय चुकतोय असं वाटलं, तेव्हा काय केलंत? प्रसंग सांगा," असा प्रश्न असतो. सी-१७ वरचा एक मेजर आला होता. परदेशातल्या एका आखूड धावपट्टीवर रात्री, दिवे बंद ठेवून उतरण्याचा प्रसंग त्याने सांगितला. सगळं तपशीलवार: योजना, क्रू, वेळ, माल. पाच मिनिटं बोलला. आमच्या बाईने विचारलं, "यात तुमचा स्वतःचा निर्णय कोणता?" तो थबकला. मग म्हणाला, की पहिल्या प्रयत्नात न उतरता पुन्हा वर जायला त्याने सांगितलं, कमांडरला पटलं नव्हतं. तीच खरी गोष्ट होती आणि ती त्याने मोठेपणा नको म्हणून गाळली होती. लष्करातून येणाऱ्यांचं हे नेहमीचं: काम सगळ्यांचं म्हणून सांगायची सवय इतकी, की त्यांच्यातला एकटा माणूस शोधून काढावा लागतो.

त्याच दिवशी एक फीडर वैमानिक आली. मोंटानात कॅराव्हॅन, मग दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप. तिच्या गोष्टीत ती होती, हवामान होतं, इंजिनाचं तापमान होतं. दुसरा माणूस नव्हताच. तिला आम्ही उलटा प्रश्न विचारला: "शेजारी बसलेल्याने तुमचं ऐकलं नाही तर?" तिने प्रामाणिकपणे सांगितलं, की अलीकडेपर्यंत शेजारी कुणी नसायचंच, दोन वैमानिकांच्या विमानावर आल्यावर पहिले काही महिने ती सहकाऱ्याला न सांगताच स्विच दाबायची आणि कॅप्टनने तिला त्याबद्दल टोकलं होतं. हे उत्तर ऐकून माझा सहकारी, गणवेशाचा पक्का माणूस, वहीत काहीतरी लिहू लागला. त्याने तिला चांगले गुण दिले. मेजरला मी दिले.

सिम्युलेटरमध्ये हीच गोष्ट उघडी पडते. लढाऊ विमानावरचा माणूस एक इंजिन बंद झालेलं विमान काट्यावर काटा ठेवून आणतो, पण शेजारच्याला चेकलिस्ट वाचायला सांगायचं विसरतो. कॅराव्हॅनवालीचंही तसंच; एकट्याने उडण्याची खोड दोघांचीही, मार्ग वेगळे. दोन-तीन वैमानिकांच्या मोठ्या लष्करी विमानावरून आलेला किंवा रीजनल एअरलाइनमधून आलेला तिथे सहज रुळतो. समुद्रापारचे नियम वाहतूक दलवाल्याला पाठ असतात. गजबजलेल्या विमानतळावर दिवसाला चार-पाच उड्डाणं करून वेळापत्रक सांभाळणं रीजनलवाल्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून 'लष्करी की नागरी' या प्रश्नापेक्षा 'एकटा उडाला की क्रूबरोबर' हा प्रश्न जास्त काही सांगतो.

निवड झाली की मागचं सगळं पुसलं जातं. लेफ्टनंट कर्नल असो की फीडर वैमानिक, ज्येष्ठतेच्या यादीत दोघं तळाला. विमान कोणतं, मुक्काम कुठे, नाताळची सुट्टी कुणाला, सगळं त्या क्रमांकावर. हवाई दलात पंख मिळाल्यावर दहा वर्षं सेवा बांधलेली असते, त्यामुळे तिथला माणूस तिशीच्या मध्यावर येतो. नागरी वैमानिक आधी पोचू शकतो आणि निवृत्ती दोघांचीही पासष्टाव्या वर्षी. लष्करातून आलेले बरेच जण राखीव दलात राहतात. १९९४ च्या कायद्याने त्यांना तिथल्या कामासाठी रजा द्यावीच लागते आणि राखीव सेवेमुळे कुणाला नाकारणं बेकायदा आहे. हे ओझं वाटेल, पण मोठ्या मालवाहू कंपन्या स्वतःच सरकारच्या राखीव हवाई ताफ्यात नाव नोंदवून असतात. १९९०-९१ च्या आखाती युद्धात आणि २००३ मध्ये इराकच्या वेळी तो ताफा बोलावला गेला होता. सरकारचं आणि या धंद्याचं नातं एकतर्फी नाही.

महाराष्ट्रातून मला पत्रं येतात, बहुतेक बारावी झालेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या वडिलांची. त्यांना थोडं स्पष्ट सांगते. भारतात २०० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर थेट ए-३२० च्या उजव्या खुर्चीत बसता येतं, अमेरिकेत नाही. अमेरिकन हवाई दलात अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं, त्यामुळे इथे शिकायला येणाऱ्या भारतीय मुलांना तो रस्ता बंद असतो. उरतो नागरी रस्ता आणि त्यातही कायमचा काम करण्याचा हक्क नसेल तर मालवाहू कंपन्यांची दारं सहसा उघडत नाहीत. कर्ज काढण्याआधी हे तपासा. भारतात हवाई दलात जायची इच्छा आणि कुवत असेल, तर लेह किंवा अरुणाचलमधल्या मेचुकासारख्या धावपट्टीवर एएन-३२ उतरवण्याचा अनुभव दुसरीकडे पैसे देऊन मिळत नाही. पण नंतर एअरलाइन मिळेल म्हणून हवाई दलात जाऊ नका. तिथली सेवा लांब आहे आणि ती देशाची आहे.

नागरी रस्त्याने जाणाऱ्यांनी तास भराभर वाढवायच्या मागे लागू नये. एकाच विमानतळाभोवती त्याच घिरट्या हजारवेळा घातल्या तर पॅनेलला ते पहिल्या पानावर दिसतं. रात्रीचे, खराब हवामानातले आणि दुसऱ्या वैमानिकाबरोबरचे तास मिळतील तिथे काम घ्या, पगार थोडा कमी असला तरी. लष्करात असाल तर फॉर्मच्या प्रती वेळच्या वेळी काढून ठेवा. सेवा सुटल्यावर त्या मागत फिरणं फार कष्टाचं असतं. आणि कुठल्या चाचणीत नापास झालात, तर ते अर्जातच लिहा, काय चुकलं आणि पुढे काय केलं त्यासकट. एखादं अपयश आम्ही नेहमीच पचवतो. लपवलेलं अपयश सापडलं, तर त्या अर्जदारावर आम्हा तिघांचं एकमत व्हायला एक मिनिटही लागत नाही.